एका शिक्षकाच्या नजरेत किती मुले?

काही वर्षांपूर्वी आठ वर्षांचा एक मुलगा आपल्या आईबरोबर माझ्या दवाखान्यात आला. आईच्या हातात तिसरीचे प्रगतिपुस्तक होते. त्यात प्रत्येक चाचणीपुढे जवळजवळ एकच शेरा होता : 'वर्गात लक्ष देत नाही. पालकांनी भेटावे.' पालक भेटलेही होते. त्या भेटीत वर्गशिक्षिकेने मुलाचे नाव ऐकून क्षणभर विचार केला आणि मग त्याचा हजेरी क्रमांक विचारला, असे आईने सांगितले. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. वर्गात ६२ मुले होती.

दिवस पावसाळ्याचे होते आणि बाहेर तापाच्या रुग्णांची रांग लागलेली होती. मी मुलाचे कान, घसा, पोट तपासले. थोडा फिकटपणा दिसला म्हणून लोहाचे औषध दिले, जंतांचे औषध दिले, रात्री लवकर झोपवा आणि दूरदर्शन संच बंद ठेवा, असा उपदेश केला आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. सगळे मिळून चार-पाच मिनिटे लागली असतील.

चार महिन्यांनी तीच माउली पुन्हा आली, ती या खेपेस एक वही घेऊन. शेजारच्या एक गुजराती बेन आपल्या घराच्या ओटल्यावर सहा मुलांची शिकवणी घेत. त्यांच्याकडे हा मुलगा दिवाळीनंतर जाऊ लागला होता. श्रुतलेखन तपासताना बेनच्या एक गोष्ट ध्यानात आली. वाक्याचा आरंभ शुद्ध, शेवटही शुद्ध, पण मधले दोन-तीन शब्द अजिबात नाहीत. ज्याला शब्द येत नाही तो चुकीचा लिहितो, अडखळतो, खोडतो. येथे तसे काही नव्हते, नुसती रिकामी जागा होती. बेन दुसऱ्या दिवशी त्याच्या समोर बसल्या आणि पाहत राहिल्या. पेन्सिल थांबली, पापण्या किंचित फडफडल्या आणि आठ-दहा सेकंदांनी पेन्सिल पुन्हा चालू झाली. त्यांनी आईला सांगितले, "ए ऊंघतो नथी. क्यांक जतो रहे छे."

निदान त्या एका वाक्यातच होते. मी मुलाच्या समोर कागदाची पट्टी धरली आणि तिच्यावर सलग फुंकर घालायला सांगितले. दुसरे मिनिट संपण्यापूर्वीच फुंकर थांबली, नजर शून्यात गेली आणि काही सेकंदांनी मुलगा काहीच घडले नाही अशा मुद्रेने माझ्याकडे पाहू लागला. मेंदूच्या विद्युत् आलेखात सेकंदाला तीन या गतीने येणारे ठळक तरंग दिसले. बालपणातील 'ॲबसन्स' प्रकारची ही अपस्मार व्याधी आपणा सर्वांना परिचित आहे. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच वहीतील रिकाम्या जागा भरल्या. तथापि दोन शैक्षणिक वर्षे हे मूल 'लक्ष न देणारे' म्हणून गणले गेले आणि त्यात चार महिन्यांची भर माझी होती.

त्या वर्गशिक्षिकेला दोष द्यावा असे मला त्या वेळीही वाटले नाही. ३५ मिनिटांचा तास म्हणजे २,१०० सेकंद. ६२ मुलांत त्यांची वाटणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३४ सेकंद येतात, तीही हजेरी, फळ्यावरील लेखन आणि 'गप्प बसा' यांत एक क्षणही गेला नाही असे धरून. वीस मुले असती तर हाच हिशेब पावणेदोन मिनिटांचा झाला असता. एक वही नीट तपासण्यास तीन मिनिटे लागतात असे मानले, तर ६२ वह्यांना तीन तासांहून अधिक वेळ हवा. साहजिकच वहीवर बरोबरची एक मोठी खूण होते आणि मधले गाळलेले शब्द तिच्याखाली झाकले जातात. माझी त्या दिवशीची रांगही त्या वर्गासारखीच होती.

या प्रसंगानंतर वर्गातील पटसंख्या आणि मुलांचे शिक्षण यांचा संबंध कोणी शास्त्रीय पद्धतीने तपासला आहे काय, हे मी शोधू लागलो. त्या शोधात पहिली भेट झाली ती आपल्याच व्यवसायातील एका पूर्वसूरीची. बाराव्या शतकातील ज्यू पंडित मायमोनिडीज हा सुलतान सलादिनच्या दरबारी वर्तुळातील वैद्य होता. दमा, मूळव्याध, विषबाधा यांवर त्याचे ग्रंथ आहेत. त्यानेच रचलेल्या धर्मसंहितेत शाळेविषयी एक नियम आहे : २५ मुलांपर्यंत एक शिक्षक पुरे, त्याहून अधिक आणि ४० पर्यंत असल्यास त्याला एक साहाय्यक द्यावा आणि ४० च्या वर मुले गेली की दोन शिक्षक नेमावेत. नियमाचे मूळ त्याच्याही पूर्वीचे, तालमुदातील आहे. परंतु दिवसभर रुग्ण पाहून थकणाऱ्या वैद्याने तो आवर्जून आपल्या संहितेत घातला, याचे मला कौतुक वाटते.

इस्रायलच्या शाळांत ४० ची ही मर्यादा अनेक वर्षे पाळली गेली. म्हणजे ४० मुलांचा एकच वर्ग राहत असे, पण ४१ वे मूल आले की २० आणि २१ असे दोन वर्ग होत. जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लाव्ही या अर्थशास्त्रज्ञांनी या उडीचा उपयोग करून १९९९ साली दाखविले की लहान वर्गांतील चौथी-पाचवीच्या मुलांचे गुण वाढतात. पुढे नव्या आकडेवारीवर तोच अभ्यास पुन्हा केला तेव्हा मात्र परिणाम दिसला नाही आणि २०१९ साली अँग्रिस्ट यांनीच आपल्या सहकाऱ्यांसह ते प्रसिद्ध केले. आपला गाजलेला निष्कर्ष स्वतःच पुन्हा तपासणे आणि तो टिकला नाही हे सांगणे, याची औषधशास्त्रात किती उदाहरणे सापडतील, हे ज्याचे त्याने आठवावे.

आपल्या क्षेत्रात ज्याला 'यादृच्छिक नियंत्रित चाचणी' म्हणतात, तशी चाचणी अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे झाली. तिचे नाव प्रोजेक्ट स्टार. ७९ शाळांतील बालवर्गाच्या सहा हजारांहून अधिक मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने तीन गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटात १३ ते १७ मुलांचे वर्ग, दुसऱ्यात २२ ते २५ मुलांचे नेहमीचे वर्ग आणि तिसऱ्यात नेहमीचेच वर्ग, परंतु शिक्षकाला पूर्ण वेळ साहाय्यक. शिक्षकही चिठ्ठ्यांनीच वाटले गेले. तिसरीपर्यंत ही व्यवस्था चालली आणि चौथीत सगळी मुले पुन्हा नेहमीच्या वर्गांत परतली.

लहान वर्गांतील मुले वाचनात आणि गणितात पुढे गेली. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना झालेला लाभ अधिक होता. साहाय्यक दिलेल्या वर्गांत मात्र फारसा फरक पडला नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. खोलीत आणखी एक प्रौढ व्यक्ती उभी केल्याने शिक्षकाच्या नजरेतील मुले कमी होत नाहीत, असा तिचा अर्थ मी लावतो. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर यांनी १९९५ साली या प्रयोगाचा गौरवपूर्ण आढावा घेतला. आपल्यातील ज्येष्ठ भूलतज्ज्ञांना हे नाव अपरिचित नसेल. हॅलोथेन यकृताला घातक आहे काय, याचा १९६० च्या दशकात जो प्रचंड राष्ट्रीय अभ्यास झाला, त्यात मॉस्टेलर अग्रभागी होते. २०११ साली राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांची पुढील आयुष्यातील माहिती करनोंदींवरून जुळवून पाहिली, तेव्हा लहान वर्गांतून गेलेल्या मुलांचे वयाच्या विसाव्या वर्षी महाविद्यालयात असण्याचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांनी अधिक आढळले. फरक थोडा खरा. पण पाच-सात वर्षांच्या वयात दिलेल्या 'मात्रे'चा परिणाम इतक्या वर्षांनी मोजता यावा, असे आपली कितीशी औषधे करतात?

टेनेसीच्या यशाने उत्साहित होऊन कॅलिफोर्निया राज्याने १९९६ साली एकाएकी सर्व शाळांतील बालवर्ग ते तिसरीचे वर्ग सुमारे ३० वरून २० वर आणण्याचे ठरविले. राज्यभर हजारो नवे शिक्षक हवे होते आणि ते तयार नव्हते. ग्रंथालये आणि संगीताच्या खोल्या वर्गांना दिल्या गेल्या. सुस्थितीतील वस्त्यांच्या शाळांनी अनुभवी शिक्षक आपल्याकडे ओढले आणि गरीब वस्त्यांना अपुऱ्या प्रशिक्षणाचे शिक्षक मिळाले. जेथे लहान वर्गाची गरज सर्वांत जास्त, तेथेच त्याचा लाभ क्षीण झाला.

हे सारे परदेशातील झाले. पण या विषयावरील एक अत्यंत मोलाचा प्रयोग आपल्या बडोद्यात झाला आहे आणि आपल्यापैकी अनेकांना त्याची वार्ताही नाही, याचे मला आश्चर्य वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यात लागू केला, हे आपण दर वर्षी भाषणांतून ऐकतो. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी याच शहराच्या महानगरपालिकेच्या शाळांत तिसरीच्या मुलांची चाचणी घेतली गेली, तेव्हा पहिलीच्या पातळीचे गणित अचूक करणारी मुले शेकडा २० सुद्धा भरली नाहीत.

मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने यावर 'बालसखी' ही योजना आखली. वस्तीतीलच, माध्यमिक शिक्षण झालेली एखादी तरुणी निवडायची, तिला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण द्यायचे आणि तिसरी-चौथीतील मागे पडलेली १५ ते २० मुले शाळेच्या वेळातच दररोज दोन तास तिच्या हवाली करायची. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. वर्गाला वेगळी खोली मिळाली तर ठीक, नाहीतर व्हरांडा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या संशोधकांनी २००१ ते २००३ या काळात बडोदे आणि मुंबई येथे या योजनेचे यादृच्छिक मूल्यमापन केले. २००२ च्या दंगलींनी बडोद्यातील पहिल्या वर्षाचे काम विस्कळीत झाले, तरी अभ्यास पूर्ण झाला आणि २००७ साली प्रसिद्ध झाला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासमवेत २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते ज्या प्रकारच्या कामासाठी, त्यातील हा एक आरंभीचा टप्पा. (अभिजित बॅनर्जी यांच्या मातोश्री, अर्थशास्त्रज्ञ निर्मलाताई, या माहेरच्या पाटणकर, हे मराठी माणसाने मध्येच सांगितल्यावाचून राहवत नाही.)

निष्कर्ष दुहेरी होता. बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगती ठळक होती आणि सर्वांत मागे असलेल्यांची सर्वांत जास्त. आता दुसरी बाजू पाहावी. मागे पडलेली वीस मुले रोज दोन तास बाहेर गेल्यावर मूळ वर्ग आपोआप लहान झाला होता. तेथे पात्रताधारक आणि अनुभवी शिक्षक होते, पगारही बालसखीच्या कितीतरी पट होता. तरीही त्या वर्गात मागे राहिलेल्या मुलांच्या गुणांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

या दोन बाजू एकत्र ठेवून मी बराच विचार केला आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे बालसखीच्या व्हरांड्यात संख्या कमी होती, त्यामुळे तिला दिसू शकत होते की या मुलाला हातचा कळलेला नाही आणि त्या मुलीला जोडाक्षर वाचता येत नाही. जे दिसले तेथूनच आरंभ करण्याची तिला मुभाही होती. मूळ वर्गात संख्या कमी झाली, पण शिक्षकाने पाठ्यपुस्तकाचे तेच पान त्याच गतीने आणि फळ्याकडे तोंड करूनच शिकविले. मिळालेला वेळ पाहण्यासाठी वापरला गेला नाही. ओटल्यावरच्या बेनकडे सहा मुले होती हे खरे, पण त्या उठून मुलाच्या समोर जाऊन बसल्या, हेही तितकेच खरे. रुग्णसंख्या निम्मी झाली म्हणून कोणी डॉक्टर आपोआप छातीवर नळी अधिक काळ ठेवत नाही. रुग्णसंख्या दुप्पट असली, तर मात्र ठेवायची इच्छा असूनही ठेवता येत नाही.

बालरोगतज्ज्ञाच्या नात्याने मला लहान वर्गाचा जो लाभ प्रत्यक्ष दिसतो, तो परीक्षेच्या गुणांत मोजला जात नाही. सर्दी वारंवार होणाऱ्या कित्येक मुलांच्या मध्यकर्णात द्राव साठतो आणि २०-३० डेसिबलने ऐकणे मंदावते. असे मूल समोरासमोर बोललेले ऐकते, म्हणून घरी संशय येत नाही. गोंगाटाच्या वर्गात सातव्या बाकावर त्याला निम्मे शब्द पोचत नाहीत. जवळच्या नजरेचा दोष असलेले मूल शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते आणि 'नक्कल करतो' म्हणून मार खाते. अक्षरांची उलटापालट करणारे, तोतरे म्हणून हातच वर न करणारे, घरात काही बिनसले म्हणून आठवडाभर गप्प असलेले, अशा मुलांना मोठ्या वर्गात लपायला भरपूर जागा असते. दंगा करणारे मूल ६० मध्येही शिक्षकाला दिसते. शांत मूल दिसत नाही, आणि माझ्या अनुभवात उशिरा निदान होणारी बहुतेक मुले शांत असतात.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी सर्वसाधारणपणे ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक, असे प्रमाण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शाळेत ते ३० च्या आत आणि वंचित वस्त्यांत २५ च्या आत असावे असे म्हटले. पण प्रमाण आणि वर्ग या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यायाम, संगणक, चित्रकला यांचे शिक्षक शाळेच्या एकूण संख्येत मोजले की कागदावर ३० चे प्रमाण सहज बसते आणि गणिताच्या तासाला खोलीत ५५ मुले बसलेली असतात. पालकांनी शाळेत विचारायचा प्रश्न 'तुमचे प्रमाण काय' हा नसून 'माझ्या मुलाच्या तुकडीत मुले किती' हा आहे. प्रवेशाच्या गर्दीत तो फारसा कोणी विचारत नाही.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या शहरात मराठी माध्यमाच्या वर्गांचा पट वर्षानुवर्षे घटत आला आहे. त्याची कारणे आपण जाणतो आणि त्यांत आपण स्वतःही आहोत. माझी दोन्ही मुले इंग्रजी माध्यमात शिकली. गेल्या काही वर्षांत एक संवाद मी निरनिराळ्या तोंडांतून ऐकला आहे. "डॉक्टर, ती मराठी शाळा घराजवळ आहे, बाईही चांगल्या आहेत म्हणतात, पण वर्गात चौदाच मुले. शाळा चांगली असती तर इतकी कमी मुले असती का?" आणि ६० च्या तुकड्या असलेल्या शाळेबद्दल तीच व्यक्ती अभिमानाने सांगते की तेथे प्रवेश मिळणे किती कठीण. टेनेसीने ज्या १३ ते १७ च्या वर्गासाठी कोट्यवधी डॉलर खर्च केले, तो वर्ग दोन गल्ल्या पलीकडे विनाखर्च उपलब्ध आहे आणि आपण तो ओसाडपणाची खूण म्हणून टाळतो.

येथे एक सावधगिरी मला बाळगली पाहिजे. चौदा मुले म्हणजे लहान वर्ग, असे सरसकट म्हणता येत नाही. पहिली, दुसरी आणि तिसरी मिळून चौदा आणि त्यांना एकच शिक्षिका, असेही असते. तिचे निम्मे लक्ष एका इयत्तेला लेखनकाम देऊन दुसरीकडे वळण्यात जाते. त्यातच निवडणूक आली, जनगणना आली की तेवढेही राहत नाही. म्हणून मी कोणाला 'मराठी शाळेत घाला' असे सांगत नाही. शाळा सुरू असताना जाऊन अर्धा तास वर्गाच्या दाराशी उभे राहा आणि बाई किती मुलांना नावाने हाक मारतात ते मोजा, एवढे सांगतो. दोघा-तिघांनी मोजले. त्यांपैकी एका कुटुंबाने आपली मुलगी तेथे घातली, दुसऱ्याने घातली नाही.

आपल्या मंडळातर्फे होणाऱ्या शालेय आरोग्य तपासणीत मीही दर वर्षी असतो. पूर्वी एका सकाळी तीनशे मुले 'तपासून' आम्ही समाधानाने परतत असू. अलीकडे मी एका सकाळी एकच तुकडी घेतो आणि तपासणीपूर्वी वर्गशिक्षिकेला एक कोरा कागद देतो. ज्या मुलांविषयी आपल्याला काही सांगता येत नाही, त्यांची नावे त्यावर लिहा, अशी विनंती करतो. प्रथम त्यांना ती विचित्र वाटते. मग बहुतेक जणी हजेरीपट मागवून घेतात आणि एकेका नावावर बोट ठेवून थांबत थांबत लिहू लागतात. गेल्या खेपेस ५८ च्या तुकडीत अशी अकरा नावे निघाली. त्या अकरांत दोघांना चष्मा लागला, एका मुलीच्या दोन्ही कानांत द्राव निघाला आणि एक मुलगा आजोळी राहत असून सहा महिन्यांत घरी गेलेला नाही, हे त्याच्याच तोंडून कळले. उरलेली सात मुले प्रकृतीने उत्तम होती. बाईंनी तो कागद परत मागितला आणि घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला.